दोन गच्च्यांमधलं घटनास्थळ

'ती घटना आजही आठवते' असं म्हणून आमच्या खात्यातली मंडळी आठवणी सुरू करतात आणि पुढे आपण आरोपीला कसं शिताफीने पकडलं ते सांगतात. मलाही एक घटना आजही आठवते. फरक एवढाच, की तिच्यात पकडण्यासारखा आरोपीच नव्हता आणि एका निर्दोष माणसाला मी दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं होतं. तिची आठवण आली की मला अजून संताप येतो. कुणाकुणाचा ते पुढे कळेल. त्या यादीत मीही आहे.

तेव्हा मी लातूर जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एके दिवशी सकाळी एका पुढाऱ्याच्या माणसाचा फोन आला. "साहेब, आपले शेठ येत आहेत. जरा मनावर घ्या." असे फोन रोजच येतात आणि ते कशासाठी असतात हे ठाण्याच्या दारावरच्या शिपायालाही कळतं. अर्ध्या तासात शेठ आले. त्यांची डाळ मिल होती. सोबत टाईप केलेला तक्रार अर्ज आणि हजेरीपुस्तकाच्या झेरॉक्स होत्या. त्या झेरॉक्सवर लाल पेनाने अकरा गोल काढलेले होते.

प्रकरण असं होतं. मिल आणि ऑफिस एका आवारात, तर नवं गोदाम आणि वजनकाटा तिथून अर्ध्या किलोमीटरवर. मध्ये रस्ता आणि दाट वस्ती. एवढ्या वस्तीतून केबल टाकायची तर खोदकाम करा, परवानग्या काढा. म्हणून शेठनी दोन्ही इमारतींच्या गच्चीवर परातीएवढी एकेक डिश समोरासमोर बसवून घेतली होती. मधे वायर नाही, सगळी माहिती हवेतून जाते. त्याला वायरलेस ब्रिज म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. गोदामाच्या काट्यावर ट्रकचं वजन झालं की ते मिलच्या ऑफिसात दिसायचं, गेटपास निघायचा, गोदामाचे कॅमेरेही शेठच्या केबिनमध्ये दिसायचे.

चार महिन्यांपासून ही लिंक मधूनच बंद पडत होती. आठ-दहा दिवसांनी एकदा, आणि एकदा पडली की दीड-दोन दिवस. मग ट्रक रस्त्यावर उभे राहायचे आणि ड्रायव्हर ऑफिसात येऊन शिव्या घालायचे. ज्याने डिश बसवून दिल्या तो येऊन बघून गेला होता. "यंत्रात काही दोष नाही, तुमचा माणूस तपासा," एवढं बोलून तो मोकळा झाला होता.

तो माणूस म्हणजे मिलचा कॉम्प्युटर ऑपरेटर. वय पंचेचाळीसच्या आसपास, मूळचा मुखेडचा, डिप्लोमा झालेला. नऊ वर्षं तिथे नोकरीला होता आणि ही सगळी यंत्रणा एकटा सांभाळत होता.

"साहेब, हे लाल गोल बघा," शेठ म्हणाले. "ज्या दिवशी हा सुट्टीवर, त्याच दिवशी लिंक बंद. दुसऱ्या दिवशी कामावर येतो, खुडबुड करतो आणि लिंक चालू. जाताना काहीतरी करून जातो. कॅमेरे बंद पाडून माल बाहेर काढतो. सरळ गुन्हा दाखल करा."

"किती पोती गेली?" मी विचारलं.

"ते मोजायचंय अजून."

एवढ्या एका उत्तरावर मी तो अर्ज बाजूला ठेवायला हवा होता. चोरी झाली म्हणतो आणि काय चोरीला गेलं ते माहीत नाही! आठच दिवसांपूर्वी त्या ऑपरेटरने राजीनाम्याची नोटीस दिली होती, हेही शेठनी जाता जाता सांगितलं. नांदेडच्या एका कॉलेजात त्याची कायम जागेवर निवड झाली होती. नऊ वर्षं विश्वासाचा असलेला माणूस नोकरी सोडतो म्हटल्यावर अचानक चोर कसा झाला, हा प्रश्न मला पडला नाही. पडायला हवा होता.

आणखी एक गोष्ट. त्याच माणसाच्या चारित्र्य पडताळणीचा कागद त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर आलेला होता. रुजू होण्याची मुदत जवळ आली होती. त्या कागदावर मी 'निरंक' लिहिलं तर तो नांदेडला जाणार. शेठच्या अर्जावर गुन्हा दाखल केला तर ती जागा गेली, आणि त्या वयात दुसरी मिळणं कठीण. दोन्ही कागद माझ्याच हाताखाली होते.

मी ऑपरेटरला बोलावून घेतलं. नोटीस नाही, डायरीला नोंद नाही. आमच्याकडे याला 'चौकशीसाठी बसवून ठेवणं' म्हणतात. कायद्याच्या पुस्तकात अशी काही सोय नाही, पण ठाण्याच्या व्हरांड्यात त्यासाठीचा बाक असतो. त्याचा मोबाईल काढून घेऊन मी माझ्या ड्रॉवरमध्ये टाकला.

शेठनी त्याचे रजेचे अर्जही आणून दिले होते. मी एकेक वाचत गेलो. ताप. पाठदुखी. मामा वारले. ताप. पुन्हा मामा वारले.

"किती मामा आहेत रे तुला?"

तो मान खाली घालून म्हणाला, "एकच हाय साहेब."

"आणि तो चार महिन्यांत दोनदा मेला?"

"न्हाई साहेब. हाय अजून. मुखेडला राहतो, ठणठणीत हाय."

शिपाई हसले. मला तर हातात घबाड लागल्यासारखं झालं. खोटं बोलणारा माणूस सापडला की पोलिसाला वाटतं, गुन्हेगारच सापडला. नोकरीतली कितीतरी वर्षं मीही तसंच समजत होतो.

"खोटं का लिहिलंस?"

"साहेब, खरं लिहिलं तर सुट्टी मिळत न्हाई. आमच्या गल्लीला आठ-नऊ दिवसांनी नळ येतो. बायको खानावळीत पोळ्या करायला जाते, पहाटंपासून. घरी दुसरं कुणी न्हाई. पाणी भरायला मीच थांबतो. एकदा अर्जात तसं लिहिलं, तर शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, 'पाणी भरायला पगार देऊन राहिलो का मी तुला?' तवापासून ताप लिहितो."

"आणि लिंक?"

"ती कामून बंद पडते, मलाबी कळंना साहेब. मी आलो की दोन्ही डिश बगतो, वायरी बगतो, सगळं ठीक असतं. मग आपोआपच चालू होते."

आपोआप! हा शब्द ऐकून मी टेबलावर हात आपटला. त्याने एकही उत्तर बदललं नाही. संध्याकाळी त्याला घरी सोडताना उद्या दहाला हजर राहायला सांगितलं. तो जागचा हलला नाही.

"साहेब, उद्या आमचा नळ हाय. परवा सकाळी सातलाच येऊन बसतो. उद्याचं तेवढं…"

"पोलिसांकडे पाणी भरायची सुट्टी मागतोस?" मी म्हणालो. खोलीतले सगळे हसले. मीही हसलो. मी सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो आणि आमच्या दारात टँकर यायचा. नळाचा दिवस म्हणजे काय असतो, हे मला माहीत असायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो पावणेदहालाच आला. मागोमाग त्याची बायको आली. हातात डबा होता. खानावळीच्या बाईला आज येत नाही म्हणून सांगून आली होती. आमच्या महिला शिपायाने तिला समजावलं, "मावशी, तुम्ही घरी जा. यांना काही होत नाही."

"हे बाहेर आले की जाते," ती म्हणाली आणि गेटाजवळच्या कट्ट्यावर बसली ती दिवसभर.

अकराच्या सुमारास शेठचा फोन आला. आवाज चढलेला होता. "साहेब, लिंक पुन्हा बंद!"

ऑपरेटर माझ्या समोरच्या बाकावर बसलेला होता आणि त्याचा मोबाईल माझ्या ड्रॉवरमध्ये होता. मी शेठना तसं सांगितलं. ते लगेच म्हणाले, "म्हणजे त्याचा साथीदार आहे कुणीतरी. त्यालाही उचला."

इथे पहिल्यांदा मला शेठचा राग आला. यंत्र बंद पडलं तर हा चोर, आणि हा माझ्यासमोर बसलेला असताना बंद पडलं तर याची टोळी! या माणसाला आपलं नुकसान थांबवायचं नव्हतं. त्याला नऊ वर्षं स्वस्तात राबलेला माणूस हातचा जाऊ द्यायचा नव्हता.

त्याच वेळी एक तपासाचं काम निघालं म्हणून मी दोन शिपाई मागितले. ड्युटी लावणारे आमचे जमादार म्हणाले, "आज माणसं न्हाईत साहेब. चौघं रजेवर."

"चौघं? कशासाठी?"

"अर्ज आहेत. एकाचं पोट दुखतं, एकाचे सासरे आजारी हायेत…"

"एकाच दिवशी?"

जमादार जुने होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "साहेब, पोट कुणाचंच दुखत न्हाई. आज तिकडं नळ हाय. मिलकडची सगळी वस्ती, ह्या ऑपरेटरची गल्लीबी, एकाच व्हॉल्व्हवर हाय. आपले चौघं तिथंच खोल्या घेऊन राहतात. तुम्ही चिडता म्हणून खरं कुणी लिहीत न्हाई."

मी ठाण्याचं हजेरी रजिस्टर मागवलं आणि शेठच्या झेरॉक्सशेजारी ठेवलं. लाल गोल असलेल्या पहिल्या तारखेला आमचे तिघं आजारी. दुसऱ्या तारखेला चौघं. तिसऱ्या तारखेला एकाची आजी वारलेली, बाकीच्यांना ताप. अकराच्या अकरा तारखा जुळल्या. शेठच्या कागदानुसार माझे चार शिपाईही चोरच ठरत होते.

म्हणजे लिंक त्या माणसाच्या सुट्टीमुळे बंद पडत नव्हती. लिंक बंद पडणं आणि त्याची सुट्टी, दोन्ही नळाच्या दिवशी येत होतं. पण नळाचा आणि गच्चीवरच्या डिशचा काय संबंध? ते कळायला जागेवर जायला हवं होतं, आणि दोन दिवसांत मी जागेवर गेलोच नव्हतो! शिकाऊ फौजदारालाही पहिल्या आठवड्यात शिकवतात, आधी घटनास्थळ बघ. मी समजून चाललो होतो, की सगळा मामला हवेतला आहे, त्याला कसलं आलंय घटनास्थळ.

ऑपरेटरला जीपमध्ये घेतलं आणि मिलच्या गच्चीवर चढलो. शेठही धापा टाकत मागून आले. डिश आपल्या जागी होती. ती ज्या दिशेला बघत होती तिकडे मी बघितलं. मिलच्या भिंतीला लागूनच एक दुमजली घर होतं आणि त्याच्या गच्चीवर विटांच्या ओट्यावर एक भली मोठी काळी प्लॅस्टिकची टाकी. एक बाई हातात पाईप धरून ती भरत होती. टाकी काठोकाठ आली होती. तिच्या बरोबर मागे, लांब, गोदामाचं छप्पर होतं.

ऑपरेटर बघतच राहिला. नऊ वर्षांत नळाच्या दिवशी तो या गच्चीवर कधी आलाच नव्हता. त्या दिवशी तो आपल्या घरी घागरी भरत असायचा.

"साहेब, ही टाकी चार महिन्यांमागं बसली," तो हळू आवाजात म्हणाला. "मी बगितली होती. डिश बसवणाऱ्याला फोन करून इचारलंबी होतं. ते म्हणाले, प्लॅस्टिक हाय, प्लॅस्टिक आडवं येत न्हाई. आणि खरंच येत न्हाई. टाकी बसली त्या दिवशी मी लिंक तपासली, तवा ती रिकामीच होती." मग पुन्हा टाकीकडे बघून म्हणाला, "पाणी येतं आडवं. भरलेल्या टाकीतून सिग्नल जात न्हाई."

त्या घरात वर-खाली मिळून चार बिऱ्हाडं होती. दीड-दोन दिवसांत पाणी अर्ध्यावर यायचं आणि लिंक चालू व्हायची. आपोआप.

मुखेडकडे नोकरीला असताना आमची गाडी टेकडीच्या आड गेली की वायरलेस सेट मुका व्हायचा. ड्रायव्हर गाडी चढावर घ्यायचा आणि सेट पुन्हा बोलू लागायचा. मधे काही आलं की बोलणं तुटतं, हे मला वीस वर्षं माहीत होतं. पण पहिल्या दिवशी गच्चीवर चढायच्या ऐवजी मी एका माणसाचे मामा मोजत बसलो.

"मग ओतून टाकायला सांगा ना ते पाणी!" शेठ म्हणाले. "खरं-खोटं आत्ता कळेल."

नऊ दिवसांनी आलेलं चार बिऱ्हाडांचं पाणी हा माणूस पुरावा म्हणून गटारात सोडायला सांगत होता. माझ्या तोंडात जे शब्द आले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. मी ते गिळले आणि ऑपरेटरकडे वळलो. "दुसऱ्या कशाने खात्री होईल का? तुम्ही सांगा." त्याला 'तुम्ही' म्हणायची ती माझी पहिली वेळ होती.

"डिश उचलून बगू साहेब. टाकीच्या वरून नजर गेली पायजे."

मिलच्या भंगारात सहा-सात फुटांचा लोखंडी पाईप सापडला. त्याने डिश खोलली, पाईपला बांधली आणि कठड्याला पाईप तारेने आवळला. एक डोळा मिटून गोदामाच्या छपराशी डिश जुळवली. ज्या मिलने त्याला तुरुंगात घालायचा अर्ज दिला होता, त्याच मिलचं काम तो नेहमीच्या सवयीने नीट करत होता. खाली ऑफिसातून कुणीतरी ओरडलं, "आली, आली!" टाकी भरलेलीच होती. पाण्याचा एक थेंबही सांडला नाही.

एवढंच करायचं होतं. सात फूट पाईप आणि थोडी तार. डिश बसवणाऱ्याने टाकी आल्यावर एकदा वर येऊन पाहिलं असतं, तरी चार महिने वाचले असते. त्याला माणूस तपासा म्हणणं सोपं वाटलं.

शेठ आता माफी मागतील असं मला वाटलं. शेठ म्हणाले, "मग त्या टाकीवालीवर तक्रार घ्या. माझं चार महिन्यांचं नुकसान झालं."

"कोणतं कलम लावू?" मी विचारलं. "स्वतःच्या गच्चीवर पाणी साठवणं? आणि अटक कुणाला करू, बाईला की टाकीला?"

आसपासचे हमाल हसले. शेठ लाल झाले. तासाभराने पुढाऱ्याच्या माणसाचा पुन्हा फोन आला. मी सांगितलं, अर्ज निकाली काढला आहे, चौकशीत कोणताही अपराध निष्पन्न झालेला नाही, प्रत हवी असेल तर ठाण्यात येऊन घेऊन जा. प्रत न्यायला कुणी आलं नाही. पाच-सहा महिन्यांत माझी बदली मात्र झाली.

ठाण्यात परतलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. मोबाईल परत दिला. नवरा-बायको दोघं गेटातून चालत निघून गेले. डबा तसाच होता. मी पडताळणीच्या कागदावर 'निरंक' लिहिलं, सही केली, आणि आपण फार न्यायाने वागलो असं समजून घरी गेलो.

तिसऱ्या दिवशी पडताळणीची प्रत द्यायला मी स्वतः त्यांच्या घरी गेलो. शिपायाबरोबर पाठवता आली असती, पण मनात कुठेतरी माफी मागायची होती. पत्र्याची एक खोली, पुढे मोरी. मोरीच्या कडेला दोन ड्रम, चार घागरी आणि एक बादली ओळीने मांडलेली. तो नांदेडला कागद जमवायला गेला होता. बायको घरी होती. तिने खुर्ची दिली. प्रत घेतली, दोन वेळा उलटीसुलटी बघून कपाटात ठेवली.

मी म्हणालो, "बाई, माझ्याकडून चूक झाली. तुमच्या मालकांना नाहक त्रास झाला."

ती आत गेली आणि रिकाम्या हाताने परत आली.

"साहेब, पाणी देत न्हाई. राग मानू नका. नळाच्या दिवशी आम्ही दोघंबी तुमच्याकडं होतो. शेजारची एक घागर देते, ती सैपाकाला लागते."

सगळी नोकरी मराठवाड्यात झाली. चोराच्या घरी झडतीला गेलो, खुन्याच्या आईचा जबाब घ्यायला गेलो. कुठल्याही घराने पोलिसाला पाणी दिल्याशिवाय परत पाठवलं नव्हतं. समोरचे दोन्ही ड्रम रिकामे होते आणि ते मी रिकामे ठेवले होते. कोणाच्याही डायरीत त्याची नोंद नव्हती.

"आमच्या क्वार्टरचा टँकर पाठवतो," मी कसाबसा म्हणालो.

"नको साहेब," ती म्हणाली. "पुढच्या नळाला ह्यांना बोलावू नका, तेवढं बस झालं."

त्या प्रकरणात मी शोधून काढलं असं काही नाही. दोन रजिस्टरं जमादारांमुळे जुळली, टाकीचं कोडं ज्याच्यावर आरोप होता त्यानेच सोडवलं. मी फक्त माणूस आधी आणि जागा नंतर बघितली. आज माझी ही चूक मी सोडून कुणाला आठवत नसेल, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. आमच्या हातून असे किती दिवस गेले असतील, ज्यांना अटक म्हणत नाहीत, मारहाण म्हणत नाहीत, म्हणून ते कुठेच मोजले जात नाहीत.

त्यांच्या घरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जमादारांना बोलावलं आणि ठाण्यातल्या ड्युटीच्या फळ्यावर एक जास्तीचा रकाना आखून घेतला. आज कोणत्या वस्तीला नळ आहे, ते रोज सकाळी तिथे लिहायचं. त्या वस्तीतल्या कुणालाही त्या दिवशी चौकशीला बोलवायचं नाही. आणि रजेच्या अर्जात शिपायांनी ताप लिहायचा नाही, पाणी लिहायचं. पहिल्या आठवड्यात तीन अर्ज आले. तिघांनीही लिहिलं होतं, 'पाणी भरणे आहे.' मी तिन्हींवर सही केली.